खर्ज म्हणजे

त्यांचं खरं नाव आता बहुधा विजेच्या बिलावरच उरलं असावं. सगळा रस्ता त्यांना म्हणजेकाका म्हणायचा. शब्द कुठलाही असो, तो उघडून दाखवल्याशिवाय काकांना चैन पडत नसे आणि उघडताना सुरुवात ‘म्हणजे’ अशीच व्हायची. काकू सांगायच्या, “लग्नाआधी पहिल्यांदा भेटलो तेव्हा यांनी विचारलं, चहा चालेल का. मी म्हटलं, चालेल. तर म्हणाले, चालेल म्हणजे? हवाय, की नको म्हणायचा संकोच?” काकूंनी तेव्हाच काय ते ओळखायला हवं होतं, असं यावर काकांचे मित्र तबलजी म्हणायचे.

धंदा पेट्या आणि तंबोरे दुरुस्त करण्याचा. रस्त्याकडेची एक लांबट खोली म्हणजे दुकान. तिच्या मागे स्वयंपाकघर, त्याला लागून दोन खोल्या. दुकानात सरसाचा आणि जुन्या कातड्याचा वास कायम भरलेला. भिंतीला उघड्या पेट्या पोट फाडल्यासारख्या टेकवलेल्या. पेटीच्या आत पितळेच्या लहान लहान जिभा असतात, हवा गेली की त्या थरथरतात आणि वाजतात. धंद्यात त्यांनाच सूर म्हणतात. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. काकांचं निम्मं आयुष्य हे घासण्यात गेलं होतं. उरलेलं निम्मं बोलण्यात.

बोलण्याची हौस भागवायला त्यांना एक जागा मिळाली होती. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम असे. ज्यांना गाणं आवडतं पण त्यातले शब्द ऐकले की बुजल्यासारखं होतं, अशा लोकांसाठी. काका उभे राहून समजावून सांगायचे आणि त्यांची मोठी बहीण तंबोरा घेऊन गायची. तबल्याला तबलजी. घडीच्या खुर्च्या, एकच पंखा, समोर बहुतेक निवृत्त मंडळी आणि वहीत टिपून घेणारे दोन-चार विद्यार्थी.

काका सांगायचे ते मात्र खरोखर चांगलं. “आलाप म्हणजे काय? पाहुणा आला की तुम्ही लगेच कामाचं बोलता का? आधी बसा म्हणता. पंखा लावता. रागाला तसं बसवून घ्यायचं, घाई न करता, म्हणजे आलाप.” मग ताईंचा आलाप. “विलंबित म्हणजे हळू नव्हे हो. विलंबित म्हणजे दोन खांबांमधलं अंतर जास्त. खोली मोठी. आता त्या मोठ्या खोलीत रिकामं वाटू न देता वावरायचं, हे कसब.” “मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर पाय न उचलता जाणं. ओल्या फरशीवरून आपण वयस्कर माणसं चालतो ना, तसं.” खुर्च्यांमधून हसू यायचं. “आणि सम म्हणजे घराचं दार. तालाचं चक्र फिरतं, गाणारा कुठेकुठे हिंडून येतो, पण चक्राच्या पहिल्या ठोक्याला तो दारात हजर पाहिजे. उशीर झाला तर घरचे ओरडतात, लवकर आला तर दार बंद असतं.”

अडचण एकच होती. काकांना स्वतःला दार सापडत नसे. एका मींडेवरून सुरू झाले की पेटीत मींड का वाजत नाही, पितळ कुठून येतं, सरस कसा शिजवतात, असे लांब निघून जायचे. यावर ताईंनी एक तोड काढली होती. त्यांच्या बोटात एक जाड अंगठी होती. भाऊ फार लांबला की त्या अंगठीनं तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एकदाच ठोकायच्या. टक. याचा अर्थ समेवर ये. काका वाक्य अर्ध्यात सोडून म्हणायचे, “असो. ऐका.” नेहमीच्या श्रोत्यांना हे ठाऊक झालं होतं. टक झालं की ते गाण्याआधीच टाळ्या वाजवायचे.

ताई काकांपेक्षा पाच वर्षांनी मोठ्या. लहानपणी गाणं शिकल्या ते त्याच. काका दाराशी बसून ऐकायचे. तेव्हाच्या त्यांच्या गुरूंनी एकदा शिकवणीनंतर सगळ्यांसमोर सांगितलं होतं, “हिचा आवाज पातळ आहे. मैफलीला नाही चालायचा. शिकवायला बरा.” ताईंनी ते वाक्य मुकाट्यानं घरी आणलं आणि आयुष्यभर त्याप्रमाणे वागल्या. लोकांच्या घरी जाऊन मुलींना शिकवलं. नवरा गेल्यावर भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायला आल्या, तिथेही शिकवलं. स्वतःच्या आवाजाबद्दल कधी चांगलं बोलल्या नाहीत. कुणी स्तुती केली तर म्हणायच्या, “पाण्यात दूध घातलंय, पांढरं दिसतं एवढंच.”

एका उन्हाळ्यात सकाळी रियाजाला बसल्यावर ताईंनी तंबोरा खाली ठेवला.

“जरा उतरव रे. वर जाताना ओढ बसतेय.”

“किती?”

“अर्धा सूर.”

काकांनी खुंट्या पिळल्या. काळी चारच्या जागी पांढरी पाच. पेटीवर शेजारशेजारच्या दोन पट्ट्या, त्यात कसली आलीय बातमी? वय वाढलं की गळा उतरतोच. मोठमोठे गवय्ये उतरतात.

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, “ताईंचा घसा बसलाय. आठवडाभर ऐकतेय मी. काढा करते.”

“घसा बसणं वेगळं आणि पट्टी उतरणं वेगळं,” काका म्हणाले. “घसा बसणं म्हणजे—”

“टक,” ताई तोंडानेच म्हणाल्या. तिघंही हसली.

काढा दोन-तीन आठवडे चालला. मग थांबला. थंडीत काळी तीन आली.

त्या थंडीत वाचनालयात एक गोष्ट घडली. काका खर्ज समजावून देत होते. “खर्ज म्हणजे खालचा सा. नुसता खाली असून भागत नाही. विहिरीत पोहरा सोडतो तसा आवाज सोडायचा आणि तळाला लागल्याचं आपल्याला कळलं पाहिजे.” ताईंनी आवाज सोडला. पूर्वी त्या खर्जाला जाऊन यायच्या तेव्हा पाहुणा उंबऱ्यावरून परत फिरावा तसं वाटायचं. या वेळी आवाज खाली गेला आणि तिथेच बसला. जाड, काळसर, कडेला थोडा खरखरीत. पंख्याचा आवाजसुद्धा मागे गेल्यासारखा वाटला. गाणं संपल्यावर टाळ्या अशा आल्या की ताईंनी मान वळवून मागे पाहिलं, आपल्यामागे दुसरं कुणी येऊन बसलंय की काय म्हणून.

पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठून म्हणाले, “बाई, आवाजाला काय वजन आलंय.”

“आणि ती कडेची खरखर ऐकलीत?” काकांना राहवलं नाही. “तिला जवारी म्हणतात. तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या हाडाच्या पट्टीवर, तारेखाली आम्ही एक दोरा सरकवतो. दोरा नेमक्या जागी बसला की तार नुसती वाजत नाही, ती गुणगुणते. तार आणि हाड एकमेकांना जेमतेम घासतात, त्यातून ते येतं. काही भाग्यवान गळ्यांना ही जवारी वयानं मिळते. म्हणजे—”

टक झालं नाही. काकांनी सवयीनं वाट पाहिली. ताई खाली मान घालून ऐकत होत्या.

त्यानंतर लोक खर्ज ऐकायला येऊ लागले. घडीच्या खुर्च्या कमी पडल्या. तबलजी म्हणाले, “ताई, आता तुम्ही आमच्या रांगेत उभं राहायला हरकत नाही. फक्त दाढी तेवढी राहिली.” ताई हसल्या, हसताना खोकला आला, खोकला थांबायला वेळ लागला. “बघा, हसवू नका तिला,” काका म्हणाले. घरी येताना त्या रस्त्यात मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, “वजन आलंय म्हणाले, नाही का?” काका हो म्हणाले. थोडं चालून झाल्यावर त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

साठी उलटलेल्या बाईला पहिल्यांदा कुणीतरी गाणारी म्हणत होतं. पातळ पाण्याला साय आली होती. ती का आली, हे बघायला कोण जाईल?

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ताई पांढरी चारला आल्या. तंबोऱ्याच्या तारा आता इतक्या सैल पडू लागल्या की लोंबायच्या, वाजायच्या नाहीत. काकांनी एके दिवशी दुपारी त्या सगळ्या काढल्या आणि पुरुषांच्या तंबोऱ्याला लावतात तसल्या जाड तारा चढवल्या. त्याच दुपारी एक पेटीवादक आपली पेटी घेऊन दुकानात आला होता.

“काका, हा मधला सूर बघा. मागच्या महिन्यात तुम्ही चढवून दिलात, परत उतरला.”

“त्याआधीही एकदा चढवला होता.”

“हो ना. घासा की परत जरासा.”

काकांनी जीभ स्क्रू सोडवून बाहेर काढली, भिंग डोळ्याला लावलं आणि उजेडाकडे धरली. मग ती दोन बोटांत वाकवली. टिक असा आवाज झाला आणि जिभेचे दोन तुकडे झाले.

“अहो!”

“ही गेलेलीच होती. सूर एकदा उतरला तर घासावा. परत परत उतरायला लागला की समजायचं, मुळाशी चीर आहे. वरून दिसत नाही. घासत बसलात तर ऐन मैफलीत तुटते.” त्यांनी डबीतून नवी जीभ शोधायला घेतली. “उतरणं म्हणजे दर वेळी उतरणं नसतं.”

पेटीवादक गेला. काका पुन्हा तंबोऱ्याकडे वळले. चौथी तार, खर्जाची, त्यांनी फार प्रेमानं लावली. दोरा सरकवत सरकवत जवारी अशी काढली की मागच्या खोलीतून ताईंनी हाक मारली, “छान लागलीय रे.” त्यांच्या त्या हाकेचा शेवटचा शब्द ऐकूच आला नाही. तिथे नुसती हवा होती.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं. “ताईंना एकदा दाखवून या,” त्या म्हणाल्या. काढ्याच्या वेळी त्यांच्या आवाजात असलेली थट्टा आता नव्हती.

“शनिवार होऊ दे,” ताई आतून म्हणाल्या.

शनिवार झाला. मग पुढचा झाला. एका सकाळी ताईंना पाण्याचा घोट उतरेना. घेतला तो नाकातून आला आणि रुमालाला जे लागलं ते लाल होतं.

घशाच्या डॉक्टर वयानं लहान होत्या, पण घाईत नव्हत्या. नाकातून एक बारीक नळी घालून त्यांनी बराच वेळ पडद्यावर पाहिलं. पडदा त्यांच्याकडे वळवलेला होता. काकांना त्यांचा चेहरा तेवढा दिसत होता, त्यावरून काही कळत नव्हतं. नळी काढून त्यांनी हात धुतले आणि टेबलाशी बसल्या.

“आवाज केव्हापासून बदललाय?”

ताईंनी भावाकडे पाहिलं. समजावून सांगण्याचं खातं त्याचं.

“बदललाय असं नाही,” काका म्हणाले. “पट्टी उतरली.”

“पट्टी म्हणजे?”

हा प्रश्न काकांना आयुष्यभर हवा असायचा. ते खुर्चीत नीट बसले. “पट्टी म्हणजे गाणारा आपला सा जिथे धरतो ती जागा. जसं प्रत्येकाच्या पायाचं माप वेगळं, तसा गळ्याचा सा वेगळा. बायकांचा वर असतो, पुरुषांचा खाली. ही काळी चारला गायची. म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी. तिथून पांढरी पाचला आलो. म्हणजे अर्धा सूर खाली.”

“कधी?”

“मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. मग थंडीत काळी तीन. मग पांढरी चार. गेल्या महिन्यात पांढरी तीन.” बोटांनी ते टेबलाच्या कडेवर पट्ट्या दाखवत होते. बोट डावीकडे सरकत होतं.

“खाली का आणत गेलात?”

“वर त्रास व्हायचा.”

“कसला त्रास?”

“वरच्या सुरांत आवाज टिकायचा नाही. म्हणजे, फाटायचा. चिरल्यासारखा...”

काकांचं बोट टेबलाच्या कोपऱ्याला आलं होतं. पुढे पट्टी नव्हती. ते थांबले. टक न करता मधेच थांबलेले काका ताईंनी कधी पाहिले नव्हते. त्यांनी वळून पाहिलं.

“म्हणजे,” डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या, “आवाज बसत चालला होता आणि तुम्ही त्याच्याबरोबर वाद्य खाली आणत गेलात. साधारण दीड वर्ष.” त्यात आरोप नव्हता. कागदावर उतरवायला सोपं जावं म्हणून त्या मोठ्यानं बोलल्या होत्या. काकांनी इतकी वर्षं समजावून सांगितलं होतं, पण इतकं सोपं त्यांना कधी जमलं नव्हतं.

“मीच सांगायचे त्याला खाली घे म्हणून,” ताई म्हणाल्या. एवढं वाक्य बोलायला त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला.

डॉक्टरांनी मान हलवली. मग त्यांनी पडदा वळवला. गाठ एका स्वरतंतूवर सुरू झाली होती, आता दोन्हींवर होती आणि खाली उतरली होती. पहिल्या खरखरीच्या वेळी आल्या असतात तर आवाज राखून उपचार करता आले असते, हे त्यांनी विचारल्याशिवाय सांगितलं नाही. काकांनी विचारलं. आता पूर्ण स्वरयंत्र काढावं लागणार होतं. श्वासासाठी गळ्याला पुढून छिद्र राहणार होतं, कायमचं.

“बोलणं?” काकांनी विचारलं.

“पुढे काही उपाय असतात. थोडंफार. गाणं नाही.”

ताईंनी आपला प्रश्न अगदी शेवटी विचारला. “तंबोरा वाजवता येईल?”

“हाताला काही होणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

ऑपरेशनच्या आधी तबलजी घरी आले. त्यांनी कुणाकडून तरी ध्वनिमुद्रणाचं यंत्र आणलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते ठेवून म्हणाले, “ताई, अर्धा तास. नुसता आलाप. नुसता खर्ज लावा, तरी चालेल. ठेवू आपण.”

ताई कुजबुजत बोलायच्या आता. “कुणाचा ठेवायचा?”

“म्हणजे?” तबलजींनी विचारलं. त्या घरात तो शब्द सगळ्यांच्याच तोंडात बसला होता.

“तुम्ही टाळ्या वाजवल्यात तो माझा आवाज नव्हता. माझा पातळ होता. तो कुणी ठेवला नाही. हा त्या गाठीचा आहे. तिला कशाला ठेवायचं घरात?”

तबलजींनी यंत्राची तार गुंडाळायला घेतली. ती नीट गुंडाळायला त्यांना फार वेळ लागला. काका दुकानाच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

ऑपरेशन झालं. ताई घरी आल्या त्या गळ्याला पातळ ओढणी गुंडाळून. ओढणीआडून श्वास ऐकू यायचा, भात्याला भोक पडल्यावर पेटीचा येतो तसा. ही उपमा काकांच्या मनात आली आणि मनात आल्याबद्दल त्यांना स्वतःची शिसारी आली. इस्पितळातून एक पाटी मिळाली होती, पेन्सिलीनं लिहून पुसायची. ताई तिच्यावर कामाचंच लिहायच्या. पाणी. पंखा कमी. वहिनी जेवल्या का.

घरातलं बोलणंच आटलं. काका समजावून सांगेनासे झाले. वाचनालयाचा कार्यक्रम थांबला. गिऱ्हाईक आलं की काम घ्यायचे, देताना ‘झालं’ एवढंच म्हणायचे. एक गायक तंबोऱ्याच्या तारा बदलायला आला. म्हणाला, “जाड घाला काका, पट्टी उतरवतोय.” काकांनी तंबोरा त्याच्या हातात परत दिला. “आधी घसा दाखवून या.” गायक हसला. त्याला वाटलं, गंमत आहे. मग काकांचा चेहरा पाहून चिडला. “दुकान आहे की दवाखाना?” तो दुसरीकडे गेला आणि चार जणांना सांगितलं की म्हणजेकाकांच्या डोक्यावर परिणाम झालाय. नंतर अजून दोघं असेच परत गेले. काकू ते आतून बघत होत्या. शनिवार होऊ दे म्हटल्यावर आपण तेव्हा हट्ट का धरला नाही, हा काकूंचा स्वतंत्र हिशेब होता आणि तो त्या कुणाला दाखवत नव्हत्या.

काकांना ताईंशी एकदा बोलायचं होतं. मनात वाक्य तयार होतं. एका दुपारी ते मागच्या खोलीत गेले. ताई खिडकीशी बसल्या होत्या.

“ताई, त्या वेळी मला कळायला हवं होतं. मी धंद्यातला माणूस. मुळाशी—”

ताईंनी पाटी उचलली, लिहिलं आणि समोर धरली. “दूध आणलंस?”

काका दूध आणायला गेले.

काही दिवसांनी त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा ताईंनी डोळे मिटून घेतले. झोप लागली होती की नाही, हे श्वासावरून कळायला मार्ग नव्हता. तो आता सदा एकसारखाच वाजायचा.

थंडी संपता संपता वाचनालयातून निरोप आला. लोक विचारतायत, एखादा तरी कार्यक्रम करा, जमेल तसा. काका नाही म्हणायला फोनकडे निघाले होते. ताईंनी पाटीवर लिहिलं, “हो सांग.” आणि खाली, “मी तंबोऱ्याला.”

“आणि गाईल कोण?” काकांनी विचारलं.

ताईंनी खांदे उडवले.

त्या शनिवारी खुर्च्या भरल्या होत्या. लोक हळू बोलत होते. इस्पितळात भेटायला आल्यावर बोलतात, तसं. ताई नेहमीच्या जागी बसल्या, ओढणी सारखी केली आणि तंबोरा छेडू लागल्या. जाड तारा, शेवटची पट्टी. ती त्यांनी बदलू दिली नव्हती. तबलजी शेजारी हात मांडीवर ठेवून बसले. वाजवायला काही नव्हतंच.

काका उभे राहिले. आलाप सांगितला, पाहुण्याची खुर्ची सांगितली. ‘ऐका’ म्हणायची जागा आली आणि तिथे नुसता तंबोरा आला. लोकांनी तो ऐकला. विलंबित सांगितलं, मोठी खोली सांगितली. या वेळी ती खोली रिकामीच राहिली. मींड सांगताना कुणी हसलं नाही. बोलणं आणि गाणं मिळून जे उभं राहायचं, त्याचा एक पायच नव्हता. काकांना ते कळत होतं आणि समोरच्यांनाही कळत होतं. पहिल्या रांगेतले ते गृहस्थ चष्मा काढून पुसत बसले होते.

काकांनी ठरवून खर्ज गाळला होता. पण मागच्या रांगेतली एक नवीन मुलगी, जिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तिने हात वर केला. “काका, खर्ज म्हणजे काय?”

पुढच्या रांगांतल्या माना मागे वळल्या.

“खर्ज म्हणजे,” काका म्हणाले आणि थांबले. विहीर, पोहरा, तळ, सगळं तयार होतं. ते काही तोंडात येईना. “मी इथे उभा राहून तुम्हाला खर्ज म्हणून एक गोष्ट ऐकवली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलीय. जवारी म्हणून सांगितलं मी. तो खर्ज नव्हता. ती जवारी नव्हती. ती काय होती, हे कळण्याइतकी अक्कल माझ्या हातात होती. रोज दुकानात मी तेच काम करतो. उतरणारा सूर हातात धरून मी लोकांना सांगतो की मुळाशी... आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत मी—”

टक.

अंगठी भोपळ्यावर एकदाच वाजली. नेहमीसारखी, नेहमीच्या जोरानं.

काकांनी वळून पाहिलं. ताई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर समोर, त्या मुलीकडे होती.

काका सरळ झाले. “असो,” ते म्हणाले. “खर्ज म्हणजे खालचा सा. तंबोऱ्याच्या चौथ्या तारेवर असतो. ऐका.”

ताईंनी बाकीच्या तारा हातानं बंद केल्या आणि चौथी एकटी छेडली. ती विझेपर्यंत वाट पाहिली आणि पुन्हा छेडली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. त्या मुलीनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

घरी जाताना तंबोरा काकांच्या खांद्यावर होता. रस्त्यात धूळ होती म्हणून ताईंनी ओढणी गळ्यावर हातानं दाबून धरली होती आणि त्या सावकाश चालत होत्या. काकांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ती टक कसली होती? पुरे, सोडलं मी, अशी? की हे तुझं रडगाणं मला लोकांत ऐकायचं नाही, अशी? की फक्त तू लांबलास, समेवर ये, इतकीच? आयुष्यभर शब्दांचे अर्थ सांगितले आणि या एका ठोक्याचा अर्थ त्यांना लागत नव्हता. विचारलं असतं तर पाटीवर एका ओळीत मिळाला असता. पाटी काकांच्याच पिशवीत होती.

कोपऱ्यावर दिव्याखाली ताई दम घ्यायला थांबल्या. काकाही थांबले. त्यांनी घसा साफ केला आणि तोंड उघडलं.

ताईंनी हात लांब करून त्यांच्या खांद्यावरच्या भोपळ्यावर अंगठी ठोकली.

काकांनी तोंड मिटलं. दोघं चालू लागली.